न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रांचा गॅमा ऱ्हास

उत्तेजित अणुकेंद्र जादा ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने टाकून शांत होते, या क्रियेस गॅमा ऱ्हास म्हणतात. हे किरण आपल्यापासून दूर नाहीत. चोर्ला घाटापलीकडील कणकुंबीच्या मातीतही पोटॅशियम-४० मुळे ते सतत निघत असतात.

अणुकेंद्रातील सारे प्रोटॉन साऱ्या न्यूट्रॉनांविरुद्ध डोलू लागले, की ‘महाद्विध्रुव अनुस्पंदन’ घडते. १९४७ मध्ये बाल्डविन व क्लायबर यांनी ते प्रथम नोंदविले. न्यूट्रॉन अधिक असले, तर कमी ऊर्जेचे आणखी एक अनुस्पंदन आढळते. त्यात बाहेरची न्यूट्रॉनांची साल आतल्या गाभ्याविरुद्ध हलते, असे मानतात. त्याचे नाव ‘पिग्मी’, म्हणजे बुटके. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनांना १२६ न्यूट्रॉन असतात. तेथे हा अभ्यास विशेष झाला आहे.

या बुटक्याचा संबंध थेट दागिन्यांतील सोन्याशी पोहोचतो. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत अणुकेंद्रे भराभर न्यूट्रॉन गिळतात. गिळलेला न्यूट्रॉन टिकायचा, तर गॅमा किरण टाकून शांत व्हावे लागते. अन्यथा तो निसटतो. पिग्मी अनुस्पंदनामुळे ही वाट सुकर होते आणि जड मूलद्रव्ये किती घडतील, याचे गणितच बदलू शकते.

असे किरण टिपणारा भारतीय संवेदक-संच ‘इंगा’ (मराठी कानाला नाव ओळखीचे वाटावे!) मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील प्रवेगकांवर आळीपाळीने वापरला गेला आहे. मुंबईत तो कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पेलेट्रॉनला जोडला गेला. संचात २४ पर्यंत क्लोव्हर संवेदक बसतात. प्रत्येकात जर्मेनियमचे चार स्फटिक, द्रव नायट्रोजनने थंड राखलेले. न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रे अल्पायुषी असल्याने युरेनियमसारख्या जड केंद्रांच्या विखंडनातील तुकड्यांतूनही ती हुडकली जातात.