स्वाक्षरीविरहित घनवादी चित्र : पुराव्याचा एक प्रश्न

खासगी संग्रहातील एखाद्या तैलचित्रावर स्वाक्षरी आढळली नाही, म्हणजे त्याच्या कर्तृत्वाविषयी शंका घेण्याकडे अभ्यासकाचा कल होतो. घनवादी चित्रांच्या बाबतीत हा निकष फसवा आहे. १९०८ नंतरच्या काही वर्षांत झॉर्झ ब्राक व पाब्लो पिकासो ह्यांनी दर्शनी बाजूस सही करणे बहुधा सोडून दिले होते. सही असलीच तर ती कॅनव्हासच्या पाठीवर असे. चित्रकाराचे व्यक्तित्व चित्रात आड येऊ नये, हे त्यामागील कारण ब्राकने पुढे स्वतःच सांगितले आहे. उलट, १९११ साली प्रदर्शनांतून पुढे आलेले ग्लेझ, मेत्सँजे इत्यादी घनवादी आपल्या चित्रांवर सर्रास सही करीत.

ब्राकचे १९११ सालचे ‘ल पोर्त्युगे’ हे चित्र ह्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तपकिरी व करड्या रंगांच्या खंडित प्रतलांतून गिटार वाजविणारी आकृती कष्टाने उलगडते. तीवर छाप्याने उमटविलेली अक्षरे व आकडे आहेत. कर्त्याचे नाव तेवढे नाही.

अशा चित्रांची ओळख पटते ती मुख्यतः विक्रेत्याच्या नोंदींवरून. १९०७ साली पॅरिसमध्ये दालन उघडणारा दानिएल-आन्री कानवायलर आपल्याकडील चित्रांची छायाचित्रे घेऊन ठेवीत असे. तो जर्मन नागरिक असल्यामुळे १९१४ च्या युद्धात फ्रेंच सरकारने त्याचा साठा शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला आणि १९२१ ते १९२३ ह्या काळात चार लिलावांत तो विकून टाकला. त्याच देशासाठी लढून जखमी झालेल्या ब्राकने पहिल्या लिलावाच्या वेळी तेथील तज्ज्ञ लेओन्स रोझेनबेर्ग ह्याच्यावर हात उगारला, ह्यावरून चित्रकारांचा संताप कळून येतो. चित्रे खासगी संग्रहांत विखुरली. राउल ला रोश ह्या स्विस बँकव्यवसायिकाने ह्या लिलावांतून ल कॉर्ब्यूझिए व ओझाँफाँ ह्यांच्यामार्फत पुष्कळ खरेदी केली. त्याने १९५२ साली बाझेलच्या कलासंग्रहालयास दिलेल्या चित्रांत ‘ल पोर्त्युगे’ही होते.

पुढे काही चित्रांवर, संग्राहकांच्या आग्रहावरून, पिकासोने अनेक वर्षांनी दर्शनी सही केली. तेव्हा दर्शनी सही ही निर्मितिकालाचा पुरावा होऊ शकत नाही. आणि सहीचा अभाव हा ना कर्तृत्वाचा पुरावा, ना कर्तृत्वाविरुद्धचा. त्या शैलीचे अनुकरण अनेकांनी केले आहे. म्हणून अनामिक घनवादी चित्र हाती आले असता अभ्यासकाने ते प्रथम उलटून पाहावे : पाठीवरील अक्षरे, विक्रेत्याचे क्रमांक, जुनी छायाचित्रे व लिलावाच्या याद्या एकमेकांशी जुळतात काय, हे तपासावे. शैलीविषयीचा निर्णय त्यानंतरच द्यावा.