माकणीची दोन औषधं

मी बीएएमएस. निम्न तेरणा धरणाच्या माकणी गावात नाडीही बघतो आणि स्टेथोस्कोपही लावतो. शहरातले डॉक्टर मित्र याला सरमिसळ म्हणतात. पण आमच्या मुलखात ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे.

१९४८ पर्यंत आमचा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिथं युनानीला सरकारी आश्रय होता, चारमिनारजवळ त्याचा मोठा दवाखाना. १९२० साली हैदराबादेत निघालेली झिंदा तिलिस्मातची बाटली मराठवाड्यात सर्दीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्याला चालायची. तिच्या जोडीला घरचा अडुळशाचा काढा आणि निर्गुडीचा शेक. औषध कोणत्या पंथाचं, हे आजारी माणसानं कधी विचारलं नाही.

कायदा उशिरा आला. २५ नोव्हेंबर १९९२ च्या अधिसूचनेनं राज्य सरकारनं आम्हा आयुर्वेदाच्या नोंदणीकृत पदवीधरांना आधुनिक औषधं वापरायची मुभा दिली. वर्षही उलटलं नव्हतं तोच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. शेजारच्या सास्तूरला भूकंपानं माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या जखमांना माझ्याकडं काढा नव्हता. तिथं लागलं ते धनुर्वाताचं इंजेक्शन, टाके, प्लास्टर, सलाईन. पण पुढच्या महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये पाठ धरलेल्या, झोप उडालेल्या बायाबापड्यांना तेल, शेक आणि शेजारी बसून ऐकणारा माणूस जास्त उपयोगी पडला. दोन्ही विद्या शिकल्याचं समाधान मला तेव्हा वाटलं.

याचा अर्थ सगळं सारखंच, असा मात्र नाही. साप चावला तर प्रतिविष, दुसरं काही नाही. विंचवाच्या विषावर मराठवाड्यातच जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला प्राझोसिन वापरून माणसं वाचवली. तो पुरावा डोळ्यांसमोर असताना मंत्र-उताऱ्यात वेळ घालवणं मला पाप वाटतं.

आणि आज मला सर्वांत जास्त भीती वाटते ती बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांची. 'आयुर्वेदिक' म्हणून सांधेदुखीवर देतात, दोन दिवसांत आराम पडतो, मग तोंड सुजतं, साखर वाढते. कित्येकदा आत स्टेरॉइड असतं. तेव्हा माझ्याकडं या किंवा दुसऱ्याकडं जा, पण घरात चालू असलेलं प्रत्येक औषध पिशवीत घालून आणा आणि डॉक्टरपुढं ठेवा. पुडीवर नाव नसेल तर ती पोटात घालू नका. मात्र बरेच दिवस घेत असाल, तर एकदम बंदही करू नका, आधी दाखवा.