‘ढ’ कुणाला म्हणायचं?

आपल्या शाळांतली एक शिवी फार जुनी आहे : ‘ढ’. अशोकाच्या ब्राह्मीपासून आजच्या नागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची रूपं पालटली, ढ मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून जो सुधारत नाही तो ढ, असं सांगतात. पण मुलाचं अडतंय नेमकं कुठं, हे पाहण्याची तसदी फार थोड्या गुरुजींनी घेतली.

१८९६ साली इंग्लंडातल्या सीफर्डच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी १४ वर्षांच्या पर्सीची हकिकत छापली. मुलगा हुशार, गणित सहज जमायचं. वाचन मात्र येईना. सातव्या वर्षापासून शिकवणं चालू होतं, तरी स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरं मागंपुढं व्हायची. त्याच्या मास्तरांनी त्याला आळशी ठरवलं नाही. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्यांचं मत त्या लेखात आहे. या अडचणीला आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो.

आपल्याला तर हे नवं वाटू नये. कुंदकुंदाचार्यांनी ‘भावपाहुडा’त शिवभूती मुनींचं नाव घेतलंय. त्यांना पाठांतर टिकेना. ‘तुष-माष’ एवढंच घोकत राहिले. उडदाची सालं वेगळी, डाळ वेगळी. तसं शरीर वेगळं, आत्मा वेगळा. तेवढ्यावर केवलज्ञान झालं. प्रवचनात ही कथा ऐकून आपण हात जोडतो, आणि घरी येऊन वही बघताना पोराच्या पाठीत धपाटा घालतो!

कायद्यालाही उशीरच झाला. १९९५च्या अपंग कायद्यात ७ प्रकार होते. अध्ययन-अक्षमता त्यात नव्हती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारण्यावर आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी आणली. २०१६च्या कायद्यात प्रकार २१ झाले, तेव्हा कुठं ही मुलं त्यात आली. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मागताना म्हणूनच ओशाळायचं कारण नाही.

पण वर्गात कायदा शिकवत नाही, बाई शिकवतात. पालकसभेत ‘तुमच्या मुलाचं लक्षच नसतं’ असं ऐकलंत, तर मान खाली घालू नका. ‘बाई, त्याला एकदा तोंडी विचारून बघितलंत का?’ एवढं शांतपणे विचारा.