विल्यम्सबर्गच्या विटा



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर संप यांविषयीच बोलणार, असा एक समज आहे. त्यामुळे आजच्या विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काय झाले ते युनियनच्या कचेरीजवळच्या वाचनालयात, पाळी सुटल्यावर. तेथे एकदा अमेरिकेतील एका जुन्या गावाविषयीचे पुस्तक हाती लागले. त्यातल्या एका चित्रात लोहार ऐरणीवर काम करीत होता. तो पगारी नोकर होता, आणि सन १७७५ चालू आहे असे धरून लोहारकाम करणे हीच त्याची नोकरी होती. मला गंमत वाटली आणि मी त्या गावाच्या मागे लागलो. ते गाव मी डोळ्यांनी पाहिलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचून आणि विचारून जे कळले तेच आपल्यापुढे ठेवीत आहे.

संग्रहालय म्हटले की आपल्यासमोर काचेचे कपाट येते. आत तलवार, खाली चिठ्ठी, आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. स्वीडनमधील आर्टुर हाझेलियस या गृहस्थांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ उघडले, तेव्हा ही रीत मोडली. देशाच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरे त्यांनी उचलून आणली आणि त्यांत त्या त्या भागाच्या पेहरावातली माणसे वावरू लागली. सजीव संग्रहालयाची कल्पना जगभर पसरली ती तेथून. अमेरिकेत तिने जे मोठे रूप घेतले त्याचे नाव विल्यम्सबर्ग.

१६९९ ते १७८० पर्यंत विल्यम्सबर्ग व्हर्जिनियाची राजधानी होती, त्यातला बहुतेक काळ व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती. जॉर्ज वॉशिंग्टन आणि टॉमस जेफर्सन तेथल्या विधिमंडळात बसत. १७८० साली राजधानी रिचमंडला गेली आणि गाव मागे पडले. गव्हर्नरचा वाडा १७८१ साली जळाला. पण गावात पैसा न उरल्यामुळे पुष्कळ जुनी घरे पाडायलाही कोणी आले नाही! ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मोपदेशक गुडविन यांना ही घरे वाचवावी असे वाटे. १९२६ साली त्यांनी जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना ती पटवून दिली. मग गुपचूप खरेदी सुरू झाली. पैसे कोणाचे हे गावाला ठाऊक नव्हते. रॉकफेलर आपल्या तारेखाली स्वतःचे नाव न घालता ‘डेव्हिडचे वडील’ अशी सही करीत. १९२८ साली गावकऱ्यांच्या सभेत गुपित फुटले. १९२९ साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात एक तांब्याचा पत्रा सापडला, त्यावर गावातल्या मुख्य इमारती कोरलेल्या होत्या. त्याचा आणि जेफर्सनने काढलेल्या नकाशाचा आधार घेऊन वाडा पुन्हा उभा राहिला व १९३४ साली खुला झाला. ऐंशीहून अधिक मूळ इमारती दुरुस्त झाल्या. त्यासाठी नंतरच्या काळातली शेकडो घरे मात्र पाडली गेली.

येथे थोडे थांबतो, कारण रॉकफेलर हे नाव आम्हा कामगारांना दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. कोलोरॅडोतील ज्या कोळसा-पोलाद कंपनीवर या घराण्याचा ताबा होता, तिच्या खाणकामगारांनी संप केला. कंपनीने त्यांना घरांतून काढले आणि ते लडलो येथे तंबू ठोकून राहिले. २० एप्रिल १९१४ रोजी त्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू पेटवले गेले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या २ बाया आणि ११ मुले गुदमरून मेली. खाणकामगारांच्या युनियनने ती जागा विकत घेतली आणि १९१८ साली तेथे स्मारक उभारले. या दोन्ही जागा आज जतन केलेल्या आहेत. एक मालकाच्या पैशाने, दुसरी वर्गणीच्या. म्हणून विल्यम्सबर्गचे काम खोटे ठरते असे मी म्हणत नाही. परंतु इतिहासाचा खर्च कोण करतो हे विचारण्याची सवय असावी.

आता त्या गावातल्या कामाकडे वळू. तेथे वीसेक जुने धंदे चालतात. लोहार, पिंपे बांधणारा, चाके करणारा, चांदीकाम करणारा, जोडे शिवणारा, खिळे जुळवून छापणारा असे सगळे आहेत. यांना नट म्हणता येणार नाही. शिकाऊ उमेदवार म्हणून कित्येक वर्षे काढावी लागतात, आणि शिकायचे ते जुन्या हत्यारांनी. पिंपाच्या फळ्या किती वाकवाव्यात म्हणजे पाणी झिरपणार नाही, हे हाताला कळावे लागते. ते ज्ञान कागदावर पूर्णपणे उतरत नाही. म्हणून ते जतन करायचे तर माणसाच्या हातातच जतन करावे लागते, आणि एका हातातून दुसऱ्या हातात द्यावे लागते. ज्यांनी कारखान्यात जुन्या फिटरच्या हाताखाली काम केले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

मला सर्वांत आवडते ती वीटभट्टी. उन्हाळ्यात विटा पाडतात आणि शरदात भट्टी लावतात. चिखल तुडवायला पाहुण्यांच्या मुलांना बोलावतात. पोरे बूट काढून त्यात उतरतात, घसरतात, हसतात, आईबाप फोटो काढतात. गाव कसे बांधले गेले हे त्या पोरांना तळपायाने कळते. मास्तरांनी फळ्यावर तासभर लिहिले तरी हे साधणार नाही.

पण १७७५ साली हा चिखल कोण तुडवीत होते? त्या वेळी विल्यम्सबर्गच्या लोकसंख्येत सुमारे निम्मे लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतले बहुतेक सर्व गुलाम होते. वीट, लाकूड, स्वयंपाक, घोडे, धुणे हे सारे प्रामुख्याने त्यांच्याच अंगावर. आणि संग्रहालय खुले झाल्यावर कित्येक दशके या निम्म्या गावाविषयी पाहुण्यांना जवळजवळ काहीच सांगितले जात नव्हते. कृष्णवर्णीय माणसे तेथे दिसत, जुन्या पोशाखात गाडी हाकताना किंवा चुलीपाशी. बोलायचे काम गोऱ्या मार्गदर्शक बायांचे. म्हणजे वाड्याच्या भिंतीवरचा रंग मूळचा होता की नाही यावर वाद घालायचा, आणि भिंत बांधणारा मात्र गाळून टाकायचा!

हे बदलू लागले १९७९ पासून. कृष्णवर्णीय कलावंत गुलामांच्या भूमिका करू लागले, बोलू लागले. आणि मग १० ऑक्टोबर १९९४ रोजी गुलामांचा लिलाव दाखवायचे ठरले. तेथल्या आफ्रिकी-अमेरिकी विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन यांनी स्वतः त्यात विकल्या जाणाऱ्या गरोदर बाईची भूमिका केली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या राष्ट्रीय संघटनेने, एन.ए.ए.सी.पी.ने, जोरदार विरोध केला. आमच्या पूर्वजांच्या यातनांचा तमाशा करू नका, असे त्यांचे म्हणणे. ते सहजासहजी खोडून काढता येण्याजोगे नाही. सुट्टीला आलेले लोक, हातात खाऊची पुडी, आणि समोर माणसे विकली जात आहेत. कोलमन यांचे म्हणणे असे की, दाखवले नाही तर लोक ते झालेच नाही असे धरून चालतील. लिलाव झाला. पाहणारे रडले. विरोधकांच्या पुढाऱ्यांपैकी एकाने पाहून झाल्यावर आपले मत बदलल्याचे जाहीर केले. मला स्वतःला विचाराल तर मी कोलमन यांच्या बाजूचा आहे, पण विरोध करणारे नसते तर तो लिलाव इतक्या जबाबदारीने झाला असता असे मला वाटत नाही.

यात आणखी एक प्रश्न आहे, तो माझ्या धंद्याचा म्हणून मला सुचतो. गुलामाची भूमिका करणारा हा आजचा नोकर आहे. पाहुण्यांचे वेडेवाकडे प्रश्न तो दिवसभर झेलतो, सायंकाळी पोशाख उतरवतो, आणि घरभाडे त्याला आजच्या दराने द्यावे लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथ येथे असेच एक संग्रहालय १९४७ साली स्थापन झाले. तेथल्या इंग्रज वस्तीत वर्षानुवर्षे १६२७ साल चालू असे. पण २०१६ साली तेथल्या नोकरांनी युनियन केली आणि मोटार-कामगारांच्या संघाशी जोडून घेतली. वृत्त वाचून मी वाचनालयात मोठ्याने हसलो, ग्रंथपालांनी डोळे वटारले.

ज्यांनी काही लिहून ठेवले नाही त्यांचा इतिहास मांडायचा कसा, असेही कोणी विचारील. मालकांच्याच कागदांतून तो काढावा लागतो. सप्टेंबर १७६९ मध्ये विल्यम्सबर्गच्या ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये एक जाहिरात आली. सँडी नावाचा गुलाम पळाला आहे. वय सुमारे ३५, धंदा जोडे शिवण्याचा, काम बहुधा डाव्या हाताने करतो, थोडे सुतारकाम जाणतो, घोड्यावर चांगला बसतो. दारू प्यायला की उद्धट बोलतो. पांढरा घोडा आणि जोडे शिवायची हत्यारे घेऊन गेला आहे. आणून देणाऱ्यास बक्षीस. खाली सही टॉमस जेफर्सन. सर्व माणसे समान जन्मतात असा जाहीरनामा याच गृहस्थांनी पुढे सात वर्षांनी लिहिला. सँडी सापडला असावा, कारण १७७३ साली जेफर्सनने त्याला विकले, शंभर पौंडांना. मला त्यातली हत्यारे विसरता येत नाहीत. पळतानाही त्याने स्वतःचा धंदा बरोबर घेतला होता.

अलीकडे दोन गोष्टी घडल्या. १७६० ते १७७४ या काळात गावात कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा होती. ॲन वेजर नावाच्या गोऱ्या विधवा बाई तेथे शिकवीत. मुलांनी धर्म शिकावा आणि आपल्या स्थितीत समाधान मानावे हा चालकांचा हेतू होता. परंतु वाचायला शिकलेले पोर पुढे काय वाचील यावर कोणाचा ताबा राहतो? ते घर कॉलेजच्या आवारात दुसऱ्याच कामासाठी वापरात होते. तुळयांच्या लाकडातली वर्तुळे मोजून त्याचे वय ठरले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते अख्खे घर गाडीवर चढवून जुन्या गावात आणले.

दुसरी गोष्ट चर्चची. १७७६ साली गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीयांनी लपूनछपून प्रार्थना सुरू केली. गोवन पॅम्फ्लेट हे त्यांचे उपदेशक, खानावळीतले गुलाम. या मंडळीची १८५६ सालची विटांची इमारत संग्रहालयाच्या हद्दीत येत होती. १९५० च्या दशकात ती पाडली गेली, आणि पुढे त्या जागेवर डांबर घालून मोटारी उभ्या करण्याची जागा केली. २०२० साली ते डांबर उखडले. २०२१ मध्ये पहिल्या छोट्या प्रार्थनाघराचा पाया सापडला, आणि साठांहून अधिक थडगी. ती उघडावी की नाही हे संग्रहालयाने स्वतः न ठरवता त्या मंडळीच्या वंशजांना विचारले. काही उघडून तपासावीत असे त्यांनी ठरवले. तेथे पुरलेली माणसे आफ्रिकी वंशाचीच असल्याचा निर्वाळा २०२३ साली मिळाला, तेव्हा तो आधी त्यांच्यापुढे मांडण्यात आला.