परड्यातला वसंत आणि चानी

वसंताविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यातील बरेचसे संस्कृत काव्य स्मरून लिहिले गेले आहे. अशोक, पलाश, आम्रमंजिरी, कोकिळ. सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे ओरोसला, फाल्गुनात मागील दाराने परड्यात उतरले की या यादीशी मेळ अर्धाच बसतो. आंब्याचा मोहर आहे, कोकिळही आहे. पण कुंपणाला काजू बारीक फुलोऱ्याने भरलेला असतो, त्यावर माश्यांची गुणगुण असते, आणि देवळापुढचा चाफा एकही पान नसताना फुललेला असतो. वेंगुर्ल्याच्या बाजूला सुरंगी बहरते. तिची फुले थेट फांदीच्या अंगाला चिकटून येतात. ती भल्या पहाटे काढून त्यांचे वळेसर ओवतात.

यातली सुरंगी सह्याद्रीची स्वतःची. चाफा मध्य अमेरिकेकडचा, काजू ब्राझीलचा. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणला. गार्सिया द ऑर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला; त्यात काजू नाही. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाँ द कॉस्ता मात्र कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन करतो. 'काजू' हे नावदेखील ब्राझीलच्या तुपी भाषेतले, पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलेले. परंतु फळाला आम्ही नाव दिले ते 'बोंडू'. झाड परके, फळ घरचे! ओल्या काजूगरांची उसळ पानात पडली की ब्राझील कोणाला आठवतो? चाफ्याने तर परकेपणी थेट देवाच्या पायांपर्यंत मजल मारली.

हे सारे आठवण्याचे निमित्त वर्गात घडले. चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'गणुराया आणि चानी' (१९७०) शिकवीत असताना आम्ही 'चानी' या शब्दाचा अर्थ विचारला. बहुतेकांना व्ही. शांताराम यांचा १९७७ चा चित्रपट ऐकून माहीत होता. चानी म्हणजे खार, हे दोघीतिघींनीच सांगितले, आणि त्या परडे असलेल्या घरांतल्या होत्या. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला, ओरोसला मुख्यालय आले, त्याबरोबर कचेऱ्या आणि वसाहती आल्या. वसाहतीतही खार असतेच, पण तिथे तिला खारच म्हणतात.

शब्दाचा अर्थ हरवला की कथेचा एक पदरही हरवतो, असे आम्हांस वाटते. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई येथे १९३० साली जन्मले. हे परडे त्यांच्या अंगवळणी पडलेले. त्यांची चानी गोऱ्या पुरुषापासून झालेली मुलगी, रंगारूपाने वेगळी आणि म्हणून गावाने बाहेर ठेवलेली. समुद्रापलीकडून आलेले झाड ज्या गावाने कुंपणाच्या आत घेतले, त्याच गावाला समुद्रापलीकडच्या रक्ताचे एक पोर आत घेता आले नाही. काजूला फळ धरते, बोंडवाचे पैसे होतात. पोरीचे काय होणार? हा हिशेब क्रूर आहे, पण इतिहासात तो पुन्हा पुन्हा दिसतो. खानोलकरांनी तो कुठे मांडलेला नाही. त्यांनी फक्त मुलीला नाव दिले ते अशा प्राण्याचे, जो सगळ्यांच्या परड्यात फिरतो आणि कोणाच्याच घरात राहत नाही.

पुढच्या तासाला आम्ही वर्ग काजूखाली नेला. वटवाघळांनी रात्री चोखून टाकलेली बोंडे खाली पडली होती, बिया तशाच. चानी मात्र दिसली नाही. फांदीआडून तिचा आवाज तेवढा येत राहिला.