बेनाम जमेवर विश्वस्तांचा हक्क किती?

धर्मादाय संस्थांच्या हिशेबात एक समजूत इतकी मुरली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा किरकिऱ्या ठरतो. बँकेत रक्कम आली, पाठवणाऱ्याचे नाव कळले नाही, कशासाठी पाठवली तेही कळले नाही, तर ती सर्वसाधारण निधीत जमा करावी आणि मोकळे व्हावे, अशी ही समजूत. तिच्या बाजूने सांगतात ते असे: पैसा संस्थेलाच दिला आहे, तेव्हा तो संस्थेचाच. गुप्तदान आपण श्रेष्ठ मानतो, मग नाव शोधणे म्हणजे दात्याच्या इच्छेविरुद्ध जाणे. शिवाय पाचशे रुपयांच्या नोंदीमागे कारकुनाचे दोन तास कोण घालवणार? हे बोलणारी माणसे बहुधा प्रामाणिक आणि कष्टाळू असतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

‘संस्थेलाच दिला’ हे त्यांनी गृहीत धरले आहे. एनईएफटीची रक्कम आपल्याकडे वर्षानुवर्षे केवळ खाते क्रमांकावर जमा होत आली. नाव जुळते की नाही हे कोणी पाहत नसे. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडताळण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आली ती २०२५ साली. एक आकडा चुकला की कोणाचे घरभाडे शाळेच्या खात्यात येऊन पडते. चुकून मिळालेला पैसा परत केलाच पाहिजे, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७२ सांगते. चौकशी न करता त्यावर देणगीचा शिक्का मारण्याचा अधिकार विश्वस्तांना कोणी दिला?

गुप्तदानाचा मुद्दा अधिक वजनदार आहे, आणि त्यावर इंग्लंडच्या न्यायालयांत खोल वाद झालेला आहे. ४ डिसेंबर १९५१ रोजी केंट परगण्यातील गिलिंगहॅम येथे रॉयल मरीन्सच्या बालसैनिकांच्या रांगेत बस घुसली आणि २४ मुले गेली. तीन शहरांच्या महापौरांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून निधीचे आवाहन केले. अंत्यसंस्कार, जखमी मुलांची देखभाल आणि उरल्यास मुलांच्या स्मरणार्थ एखादे चांगले कार्य, असे हेतू सांगितले. सुमारे नऊ हजार पौंड जमले. त्यातला बराच भाग नाव न सांगणाऱ्यांचा. खर्च भागून रक्कम उरली. ‘चांगले कार्य’ हा हेतू कायद्याच्या दृष्टीने फारच मोघम होता. १९५८ मध्ये न्यायमूर्ती हार्मन यांनी निकाल दिला, की शिल्लक देणाऱ्यांचीच आहे. देणारा सापडत नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. पुढे वेस्ट ससेक्स पोलिसांच्या विधवा-मुलांसाठीच्या निधीचा खटला आला तेव्हा न्यायमूर्ती गॉफ यांनी वेगळी वाट धरली: पेटीत नाणे टाकणाऱ्याने ते कायमचे सोडले. पण त्याच निकालात, ज्यांची नोंद होती त्या देणग्यांची शिल्लक देणाऱ्यांकडे परत जाईल, असेही ठरले. या दोन निकालांच्या मधल्या काळात तिथल्या १९६० च्या धर्मादाय कायद्याने हाच भेद कलम १४ मध्ये घातला होता. मूळ धर्मादाय हेतू फसला तर पेटीतल्या, एकमेकींपासून वेगळ्या काढता न येणाऱ्या रकमांचे धनी शोधण्याची गरज नाही. बाकीच्यांसाठी वाजवी जाहिरात आणि चौकशी केल्यावरच पैसा दुसऱ्या धर्मादाय कामाकडे वळवता येईल.

मला हा भेद पूर्ण पटतो. पेटीत नोट टाकणारा नाव न सांगण्याचे ठरवून टाकतो. यूपीआयने पैसे पाठवणाऱ्याने तसे काही ठरवलेले नसते; तो पावतीची वाट पाहत असतो. आपला कायदाही दात्याच्या मनात काय होते हे विचारत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात २००६ च्या वित्त कायद्याने घातलेल्या कलम ११५ बीबीसीनुसार, ज्या देणगीदाराचे नाव-पत्ता घेणाऱ्याने नोंदवून ठेवले नाही ती देणगी निनावी. अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख रुपये, यांतील मोठ्या रकमेपलीकडे गेल्या की वरच्या भागावर ३० टक्के कर. केवळ धार्मिक संस्थांना यातून सूट दिली होती, म्हणून देवळाच्या दानपेटीचा दाखला वसतिगृहाला किंवा दवाखान्याला लागू पडत नाही.

याहून मोठा धोका परदेशी देणगीचा. न्यू जर्सीत राहून अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला गावचा मुलगा आपल्या इथल्या खात्यातून रुपयांत पैसे पाठवतो, तरी परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याने ती परदेशी देणगी होते, कारण तिथे नागरिकत्व पाहतात, चलन नव्हे. त्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम पहिल्यांदा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घेता येते. नाव न विचारता ती गावच्या खात्यातून खर्च करणारी संस्था आपली नोंदणी पणाला लावते.

राहिला खर्चाचा प्रश्न. बँकेच्या उताऱ्यात अशी ओळ दिसते: ५०१ रुपये, यूपीआय, बारा आकडी संदर्भ क्रमांक, मागे मोबाइल क्रमांक असलेला यूपीआय आयडी. यात काहीच कळत नाही असे म्हणण्यापूर्वी मागच्या वर्षीचे पावतीपुस्तक उघडा. स्मृतिदिनाच्या देणग्या त्याच तारखेला आणि त्याच आकड्यात येतात. पावतीवर तोच मोबाइल क्रमांक असतो आणि ‘वडिलांच्या स्मरणार्थ, मुलांच्या एका वेळच्या जेवणासाठी’ असा हेतूही. तिथे नाही जुळले, तर शाखेला पत्र द्यावे. बँक ग्राहकाचे नाव देणार नाही, पण निरोप पोचवण्याची विनंती करता येते. तोवर रक्कम सस्पेन्स खात्यात वेगळी दिसू द्यावी. देणगीवर करसवलत देणाऱ्या संस्थेला देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत भरावे लागते. त्यात नाव नसलेल्याला वजावटीचे प्रमाणपत्रच मिळत नाही. कारकुनाचे वाचलेले दोन तास इथे देणगीदाराच्या खिशातून जातात.

मात्र नाव माहीत आहे, हेतू तेवढा सांगितलेला नाही, अशा रकमेबाबत काही हिशेबनीस उलटे टोक गाठतात: ‘कोणत्या खाती?’ असे विचारत पैसा अडकवून ठेवतात. याची गरज नाही. अशाच पैशातून पहारेकऱ्याचा पगार आणि विजेचे बिल भागते. तो विश्वस्तांच्या विवेकावर सोपवलेला आहे. त्याला मर्यादा दोनच. दात्याच्या स्पष्ट सूचनेशिवाय विश्वस्तांनी केवळ ठराव करून तो कायम निधीत नेऊ नये. आणि पुराच्या आवाहनानंतर चिठ्ठीविना आलेला धनादेश पूरग्रस्तांचाच समजावा. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकन रेड क्रॉसने त्यातील पीडितांसाठी जमवलेल्या ‘लिबर्टी फंडा’तला काही भाग इतर कामांसाठी राखायचे ठरवले तेव्हा असा गदारोळ उठला की नोव्हेंबरात निर्णय फिरवावा लागला.

विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत एवढा ठराव करावा: बेनाम रकमेची चौकशी कोणी, कशी, किती दिवस करायची आणि शेवटी निर्णय कोणाच्या सहीने व्हायचा. आणि देणगीदारहो, पैसे पाठवल्याच्या दिवशीच नाव, पत्ता, पॅन आणि हेतू संस्थेला कळवा; पंधरा दिवसांत पावती आली नाही तर फोन करून मागा.