पिवळं काढू की ठेवू? अंड्याच्या वादाची शंभर वर्षांची गोष्ट

आज जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

सेंगकांगमधल्या मराठी घरांत, भारतातून आजी-आजोबा आले की एक वाद ठरलेला असतो. आई पोराला उकडलेलं अंडं देते आणि आजी म्हणते, "अगं, पिवळं काढून टाक, कोलेस्टेरॉल असतं त्यात!" आई म्हणते, "ते जुनं झालं आता." गंमत म्हणजे दोघीही आपापल्या काळातल्या डॉक्टरांचंच ऐकत असतात. हा सल्ला कुठून आला आणि कसा बदलला, हे कळलं की भांडण बरंच कमी होतं.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेत कोंबडी, मोर, चिमणी अशा पक्ष्यांच्या अंड्यांचा उल्लेख आहे. ती मधुर, दाह न करणारी आणि लगेच बळ देणारी म्हटली आहेत. ज्या तक्रारींवर ती हितकर सांगितली, त्यांत खोकला आहे आणि चक्क हृद्रोगही आहे. आता चरकाचा हृद्रोग म्हणजे आजचा हार्ट अटॅक नव्हे. पण "आपल्या शास्त्रात अंडं वर्ज्यच" असं कुणी म्हणालं, तर एवढं सांगायला हरकत नाही.

पुढची गोष्ट मुंबईची आहे आणि पालक म्हणून ती मला फार जवळची वाटते. १९०२ च्या सुमारास गांधीजी गिरगावात राहत होते. दहा वर्षांच्या मणिलालला टायफॉइड झाला, सोबत न्यूमोनियाची लक्षणं. पारशी डॉक्टर म्हणाले, औषधाचा फारसा उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. गांधीजी अडले. आपल्या तत्त्वासाठी मुलाचा जीव पणाला लावायचा हक्क बापाला आहे का, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यांनी मुलालाच विचारलं, तर तो म्हणाला की अंडी-सूप नको, तुमचे पाण्याचेच उपचार करा. पण आपण दिलं असतं तर पोरानं निमूट घेतलं असतं, हेही गांधीजींनी आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. मणिलाल बरा झाला. तो नेमका कशानं बरा झाला, याचा छातीठोक दावा त्यांनी केला नाही.

याच्या चाळीस वर्षांनंतर, १९४२ मध्ये, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं, की फलित न झालेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, त्यामुळे जो दूध पितो त्याला अशा अंड्याची हरकत नसावी. स्वतः ते शाकाहारीच राहिले, पण विचार पुढे सरकला होता. बाजारातली फार्मची अंडी साधारण अशीच, फलित न झालेली असतात. अर्थात, खायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

मग कोलेस्टेरॉलची भीती आली कुठून? १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलातून शुद्ध कोलेस्टेरॉल खायला घातलं. सशांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर जमले. शोध मोठाच होता. पण ससा पडला गवत खाणारा प्राणी, कोलेस्टेरॉल पचवायची त्याला सवयच नाही. माणसाचं शरीर वेगळं वागतं. आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, आणि खाण्यातून जास्त आलं की बहुतेकांच्या शरीरात ते बनवणं कमी होतं. सगळ्यांच्या नाही, पण बहुतेकांच्या.

१९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं सांगितलं, दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन पिवळी. एका मोठ्या अंड्यात जवळपास १८५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन अंड्यांतच हद्द पार! मार्च १९८४ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोन तळलेल्या अंड्यांचे डोळे आणि बेकनचं वाकडं तोंड असा रडका चेहरा झळकला. निमित्त होतं त्याच वर्षी आलेल्या एका मोठ्या अभ्यासाचं, आणि तो अभ्यास अंड्यांवर नव्हताच, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधावर होता. पण लोकांच्या डोक्यात अंडं बसलं ते बसलंच.

आणि त्याच दशकात आपल्याकडे नेमकं उलटं चाललं होतं. व्यापारी भाव पाडायचे, त्यात कोंबडीपालक भरडले जायचे. डॉ. बी. व्ही. राव यांनी त्यांना एकत्र केलं आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी उभी राहिली. तिचं मुख्यालय पुण्यात. रविवार असो की सोमवार, रोज अंडं खा, हे दूरदर्शनवर घुमलं ते तिच्यामुळे. म्हणजे बघा, आपल्या आई-वडिलांच्या पिढीला टीव्ही म्हणत होता "रोज खा" आणि डॉक्टर म्हणत होते "पिवळं बंद". टीव्ही विकणाऱ्यांच्या बाजूनं बोलत होता आणि डॉक्टर सशांच्या. बिचाऱ्यांनी करायचं काय? पांढरं खाल्लं, पिवळं काढलं!

मग वारं फिरलं. १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे १ लाख १८ हजार अमेरिकी स्त्री-पुरुषांची आकडेवारी मांडली. निरोगी माणसांत दिवसाला एक अंडं आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला नाही. २०१५ च्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची ती मर्यादाही गेली. २०१९ मध्ये आणखी एका अमेरिकी अभ्यासात जास्त अंडी आणि जास्त धोका असा संबंध दिसला, तर २०२० मध्ये हार्वर्डच्याच नव्या अभ्यासात रोज एकापर्यंत काही वावगं दिसलं नाही. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. कोण अंड्यासोबत बेकन खातो आणि कोण भाजी-पोळी, हे पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बातमी उलटते.

पण १९९९ च्या त्या अभ्यासातली एक ओळ आपण विसरू नये. मधुमेह असलेल्यांत रोजच्या अंड्याबरोबर धोका वाढलेला दिसला होता. यावर अजून एकमत नाही. पण सिंगापूरनं २०१६ मध्ये मधुमेहाविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि इथल्या भारतीय वंशाच्या लोकांत हा आजार जास्त आहे. त्यामुळे आजोबांना शुगर असेल तर आजीची काळजी अगदीच जुनाट नाही. त्यांचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. नातवाचा आणि आजोबांचा नियम एकच असायची गरज नाही.

लहान मुलांसाठी खरी काळजी वेगळीच आहे: कच्चेपणा. डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य राज्यमंत्री एडविना करी म्हणाल्या की देशातली बहुतेक अंडी साल्मोनेलानं दूषित आहेत. विक्री कोसळली, बाईंना दोन आठवड्यांत राजीनामा द्यावा लागला. दावा अतिशयोक्त होता, पण जंतू खरा होता. पुढे तिथे कोंबड्यांना लस द्यायला लागले, आणि २०१७ मध्ये कुठे लहान मुलांना आणि गरोदर बायकांना, लसीची हमी असलेलं मऊ अंडं चालेल असं सांगितलं गेलं. इथे कोपीतियाममध्ये काया टोस्टबरोबर येणारं सोया सॉस आणि मिरीपूड घातलेलं अर्धकच्चं अंडं मोठ्यांना झकास लागतं. पण लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वयस्कर मंडळींनी कच्ची-अर्धकच्ची अंडी टाळावीत, असाच सल्ला दिला जातो. तालमीतल्या दुधात कच्चं अंडं फोडून पिण्याचीही तीच गत. वर कच्च्या अंड्यातलं प्रथिन जेमतेम अर्धंच पचतं, शिजवलेलं ९० टक्क्यांच्या आसपास.

आणि एक गोष्ट गावाकडची. महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवला आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या असं सांगितलं. आपण इथे पिवळं ठेवू की काढू यावर वाद घालतो, तिकडे ज्या पोराच्या ताटात सहा ग्रॅम चांगलं प्रथिन वाढवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग होता, त्याच्यासाठी अख्खं अंडंच अडलंय.

तर सार काय? निरोगी मुलाला रोजचं एक नीट शिजलेलं अंडं, पिवळ्यासकट, खुशाल द्या. ते बटरमध्ये न पोहता पोळी-भाजीबरोबर आलं तर उत्तमच. घरात मधुमेह किंवा वाढलेलं कोलेस्टेरॉल असेल त्यांनी डॉक्टरांना विचारा. अंडं खात नसाल तर डाळी, उसळी, दूध, दही, टोफू आहेच, पोराचं काही अडत नाही.

आणि आजीला "तुम्हाला काही कळत नाही" असं म्हणू नका. तिनं तिच्या काळातलं विज्ञान प्रामाणिकपणे पाळलंय. आपण पाळतोय त्यातलंही काही तीस वर्षांनी आपली सून खोडून काढेलच.

तुमच्याकडे पिवळं राहतं की जातं? आणि अंड्याचा तवा अजून वेगळाच आहे का? कमेंटमध्ये सांगा.